पानाचं क्षेत्रफळ गिंपमध्ये कसं मोजायचं

पानाचं क्षेत्रफळ काढायला आलेख कागदावर चौकोन मोजत बसायची गरज नाही, फुकटातलं गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर पुरतं. पान पांढऱ्या कागदावर सपाट पसरा, शेजारी २ सेमी बाय २ सेमीचा काळा चौकोन कापून ठेवा, म्हणजे ४ चौ. सेमी, हे आपलं माप. फोटो अगदी वरून काढा, मोबाईल जरा जरी तिरका झाला तरी पुढचं सगळं गणित चुकतं, स्कॅनर असेल तर सोन्याहून पिवळं.

आता फोटो गिंपमध्ये उघडून फझी सिलेक्ट टूल (क्लिक केलेल्या जागेलगतचा सारख्या रंगाचा भाग निवडणारं) घ्या, कडा मऊ करणारे फेदर आणि अँटीअलायझिंग दोन्ही बंद करा, चौकोनावर क्लिक करा आणि हिस्टोग्राम (निवडलेल्या भागाचे पिक्सेल दाखवणारी खिडकी) उघडून पिक्सेलचा आकडा लिहून घ्या. मग तसंच पानाचं. समजा चौकोन ५७,६०० आला आणि पान ४,३२,०००, तर ४,३२,००० भागिले ५७,६०० म्हणजे ७.५, गुणिले ४, पान ३० चौ. सेमी.

खरी कसोटी सिलेक्शनची असते. पान चमकत असेल तर शिरेजवळ पांढरे ठिपके बाहेर राहतात, झूम करून बघा आणि शिफ्ट दाबून तेवढे जोडा, थ्रेशोल्ड (रंगात किती फरक चालेल तो आकडा) एकदम वाढवू नका कारण मग सावलीपण पानात धरली जाते आणि आकडा फुगतो. करप्याचे डाग मोजायचे असतील तर सिलेक्ट बाय कलर (त्या रंगाचं सगळीकडचं एकदम निवडणारं टूल) वापरा, डागांचे पिक्सेल भागिले पानाचे पिक्सेल गुणिले १०० केलं की थेट टक्केवारी, तिथे चौकोनसुद्धा लागत नाही. प्रत्येक पान तीनदा मोजा आणि सरासरी घ्या.