जठराच्या कॅन्सरमधले प्रोटीन मार्कर : रिपोर्ट वाचताना या चुका टाळा

"हर-टू तीन प्लस आलंय. म्हणजे तिसरी स्टेज का हो?"

हा प्रश्न मला नेहमी येतो, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती खरी असते. म्हणून आधी त्याचंच उत्तर देते. नाही, तिसरी स्टेज नाही. हर-टूपुढचा आकडा म्हणजे गाठीतल्या पेशींच्या कडेला त्या प्रोटीनचा रंग किती गडद चढला, याचं माप. ते ०, १+, २+ किंवा ३+ असं देतात. स्टेज ठरते ती गाठ जठराच्या भिंतीत किती खोल गेली, किती लसिकाग्रंथींत पोचली आणि दूरच्या अवयवांत पसरली का, यावरून. उलट पसरलेल्या आजारात ३+ आलं तर हाताशी एक जास्तीचं औषध येतं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. या स्लाइड रोज डोळ्यांखालून जातात, आणि त्यांचे रिपोर्ट बाहेर कसे वाचले जातात तेही कानावर येतं. बहुतेक गोंधळ एकाच ठिकाणी होतो. प्रत्येक मार्कर, म्हणजे गाठीत किंवा रक्तात तपासलेली खूण, एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतो, आणि आपण त्याला भलताच प्रश्न विचारतो.

'आजार वाईट' आणि 'औषध लागू पडेल' हे एकच समजणं

ही चूक घरच्यांची होते, तशी डॉक्टरांची आणि संशोधकांचीही होते. काही प्रोटीन आजाराची पुढची वाटचाल सांगतात, तर काही एखादं औषध उपयोगी पडेल का ते सांगतात. पहिल्यावरून दुसरं गृहीत धरता येत नाही.

मेट या प्रोटीनचंच बघा. ते जास्त असलेल्या जठराच्या गाठी आक्रमक असतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं होतं. मग त्याची वाट अडवली की रुग्ण जास्त जगतील, हा तर्क अगदी सरळ वाटत होता. रिलोमेट-१ या चाचणीत मेट-पॉझिटिव्ह रुग्णांना किमोथेरपीबरोबर रिलोटुमुमॅब दिलं गेलं. औषध घेणाऱ्या गटात मृत्यू जास्त होताहेत असं दिसल्यावर २०१४ मध्ये उपचार थांबवावे लागले. मध्यम आयुर्मान (निम्मे रुग्ण निदान जेवढा काळ जगले तो) औषधाच्या गटात ८.८ महिने निघालं आणि नुसत्या किमोथेरपीच्या गटात १०.७. मार्कर धोका दाखवत होता, पण उपचाराची दिशा दाखवत नव्हता.

हर-टूचं जवळजवळ उलट आहे. जठराच्या कॅन्सरमध्ये ते असल्यानं आजार जास्त वाईट होतो का, यावर अजून एकमत नाही. पण ट्रास्टुझुमॅब हे हर-टूविरोधी औषध कोणाला द्यायचं हे त्यावरून ठरतं. टोगा चाचणीत (२०१०) हर-टू पॉझिटिव्ह रुग्णांचं मध्यम आयुर्मान ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेलं. त्यामुळे रिपोर्ट हातात आला की पहिल्यांदा हे विचारा: या मार्करवरून आमच्या उपचारात काय बदलणार आहे?

स्तनाच्या कॅन्सरचा नियम जठराला लावणं

स्तनाच्या गाठीत ३+ म्हणायला पेशीभोवती रंगाचं पूर्ण कडं लागतं. जठरातली पेशी ग्रंथीच्या पोकळीकडे तोंड करून उभी असते. तिथे रंग बहुधा दोन्ही बाजूंना आणि तळाला चढतो, पोकळीकडची बाजू कोरीच राहते. वर उघडा असलेला पेला बाजूनं बघावा, तसं दिसतं. हे अर्धवट म्हणून सोडून दिलं, तर खरा पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह ठरतो. म्हणूनच जठरासाठी मोजणीचा नियम वेगळा केला आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीत किमान १० टक्के पेशी रंगलेल्या लागतात, पण एंडोस्कोपीच्या बारीक तुकड्यात एकत्र असलेल्या ५ पेशीही पुरतात.

दुसरी अडचण अशी की जठराच्या गाठीत हर-टू सगळीकडे सारखं नसतं. एकाच तुकड्यात अर्धा भाग गडद तपकिरी आणि शेजारचा पूर्ण फिका, असं मी कितीदा तरी बघते. त्यामुळे एक-दोन तुकड्यांवरचं 'निगेटिव्ह' कच्चं असतं. गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून ६ ते ८ तुकडे घेतलेले बरे. आणि २+ आलं की तिथे थांबू नका. तो निकाल संशयित असतो, त्यापुढे फिश चाचणी करून जीनच्या प्रती मोजाव्या लागतात.

'लॉस' शब्दाचा उलटा अर्थ

एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रोटीन. इथे रंग दिसणं ठीक आणि रंग नसणं म्हणजे बिघाड. 'लॉस' वाचून कोणी घाबरतं, तर कोणी 'काही नाही सापडलं' म्हणून कागद बाजूला ठेवतं. शस्त्रक्रिया शक्य असलेल्या आजारात हा बिघाड असलेल्यांची पुढची वाटचाल सहसा बरी असते, आणि पसरलेल्या आजारात इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारे उपचार) त्यांना चांगली लागू पडते. मॅजिक चाचणीच्या २०१७ मधल्या फेरतपासणीत तर अशा रुग्णांना शस्त्रक्रियेच्या आधी-नंतरच्या किमोथेरपीचा फायदा दिसला नाही. संख्या लहान होती, पण डॉक्टरांशी बोलण्यासारखा मुद्दा नक्कीच आहे.

वाचणाऱ्या सहकाऱ्यांसाठी एक सांगते. शेजारच्या लिम्फोसाइटच्या केंद्रकात रंग चढलाय का ते आधी बघा. तोही नसेल, तर तो 'लॉस' नव्हे, स्टेनिंगच फसलेलं आहे.

सीपीएसला टक्केवारी समजणं

पीडी-एल१ हे इम्युनोथेरपी ठरवताना बघायचं प्रोटीन, आणि सीपीएस हा त्याचा स्कोअर. तो १० आला म्हणजे १० टक्के कॅन्सरपेशी पॉझिटिव्ह, असं नाही. रंगलेल्या कॅन्सरपेशी, लिम्फोसाइट आणि मॅक्रोफाज (या दोन्ही रोगप्रतिकारक पेशी) यांची बेरीज करायची, तिला जिवंत कॅन्सरपेशींच्या संख्येनं भागायचं आणि १०० नं गुणायचं. समजा २०० जिवंत कॅन्सरपेशी आहेत. त्यांतल्या ४ रंगल्या आणि आजूबाजूच्या १० रोगप्रतिकारक पेशी रंगल्या, तर सीपीएस ७. कॅन्सरपेशी मात्र फक्त २ टक्के. टीपीएस हा आकडा वेगळा, त्यात फक्त कॅन्सरपेशी मोजतात. मोजणीला किमान १०० जिवंत कॅन्सरपेशी लागतात, आणि कोणती अँटिबॉडी वापरली तेही रिपोर्टवर हवं.

क्लॉडिन १८.२ मध्ये मात्र खरोखर टक्केच असतात. किमान ७५ टक्के कॅन्सरपेशींच्या कडेला मध्यम ते गडद रंग असेल, तरच झोल्बेटक्सिमॅब या औषधासाठी पॉझिटिव्ह धरतात. हे प्रोटीन जठराच्या निरोगी अस्तरातही असतं, त्यामुळे मोजणी निरोगी भागात सरकली तर आकडा फुगतो.

रक्तातल्या एका आकड्यावर झोप उडवणं

सीईए आणि सीए १९-९ हे रक्तात मोजायचे मार्कर. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत थोडं वाढलेलं असू शकतं. पित्ताचा मार्ग अडला की सीए १९-९ चढतं. काही जणांच्या शरीरात तर जन्मतःच सीए १९-९ तयार होत नाही, मग आजार वाढला तरी आकडा खालीच राहतो. बघायचा तो कल, आणि तोही एकाच लॅबमधला, एकाच पद्धतीचा.

ब्लॉककडे दुर्लक्ष

ब्लॉक म्हणजे मेणात बसवून जपलेला गाठीचा तुकडा. तो काढल्यावर तासाभरात फॉर्मालिन या जपणाऱ्या द्रवात जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. कमी-जास्त झालं की रंग दगा देतो, आणि नंतर कितीही चांगल्या लॅबमध्ये पाठवा, ते भरून निघत नाही. ट्रास्टुझुमॅब घेऊनही आजार पुढे सरकला असेल, तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नका. उपचारांनंतर हर-टू नाहीसं झालेलं बऱ्याच रुग्णांत आढळतं, म्हणून पुढचं हर-टूविरोधी औषध ठरवण्याआधी शक्य असेल तिथे नवी बायोप्सी घ्यावी.

जठराचे तुकडे ज्वारीच्या दाण्यापेक्षा फार मोठे नसतात. हर-टू आज, पीडी-एल१ पुढच्या आठवड्यात, क्लॉडिन त्यानंतर, असं सुटंसुटं मागवलं की दर वेळी ब्लॉक पुन्हा मशीनवर चढतो आणि पृष्ठभाग सपाट करण्यातच ऊतक वाया जातं. शेवटच्या चाचणीला काही उरत नाही, आणि रुग्णाला परत एंडोस्कोपीला जावं लागतं. पसरलेल्या आजारात चारही चाचण्या (हर-टू, दुरुस्तीची प्रोटीन, पीडी-एल१, क्लॉडिन) पहिल्याच फॉर्मवर एकत्र लिहायला सांगा, आणि दुसरीकडे मत घ्यायला जाताना कागदांबरोबर ब्लॉकही मागून घ्या.