पोस्टग्रेसचं व्हेरिएबल नेमकं कोण वाचतं?

घाटंजीकडे कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या गेटवर ट्रॅक्टर, मेटॅडोर रात्रीच लाइनीत लागतात. पहाटे चारला काटा झाला तर पावतीवर त्याच दिवसाची तारीख पाहिजे, कारण आमच्याकडे भाव तारखेवर लागतो. म्हणून काटाघराचा सर्व्हर सांभाळताना मी वेळेच्या बाबतीत फार कडक आहे. सर्व्हर उबंटू 24.04 वर, त्यात पॅकेजमधून बसवलेला पोस्टग्रेस 16 हा डेटाबेस.

एक लक्षण ओळखून ठेवा, राजेहो. टर्मिनलवर वेळ बरोबर दिसते, पावतीवर मात्र साडेपाच तास मागची छापून येते. साडेपाच तास म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाण वेळ. टर्मिनल उघडताना वाचल्या जाणाऱ्या तुमच्या बॅशआरसी फाइलमध्ये कोणीतरी पीजीटीझेड, म्हणजे टाइमझोन सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोसेसला सुरू होताना मिळणारी सेटिंग), लिहून ठेवलेलं असतं, त्यामुळे टर्मिनल सुधारलेलं दिसतं. पावतीचा प्रोग्राम सुरू करतं सिस्टिमडी, म्हणजे सर्व्हिसेस चालू-बंद करणारं लिनक्सचं व्यवस्थापक, आणि ते बॅशआरसीही वाचत नाही, प्रोफाइलही नाही.

यावर बरेच जण तेच पीजीटीझेड सर्व्हरच्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये टाकतात, रीस्टार्ट करतात आणि काहीच बदलत नाही. बदलणार कसं? ते व्हेरिएबल जोडणी करणारी क्लायंट लायब्ररी वाचते, सर्व्हर नाही. म्हणून कोणत्याही व्हेरिएबलला हात लावण्याआधी विचारा: हे वाचणारी प्रोसेस कोणती?

तपासायचं असं. 'एन्व्ह' कमांडला मायनस आय लावून त्यातून पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसचा टर्मिनलवरचा क्लायंट, चालवा. तुमची सगळी व्हेरिएबल्स गळून पडतात आणि जवळपास सर्व्हिससारखीच परिस्थिती मिळते. मग पीजी सेटिंग्ज या व्ह्यूमध्ये टाइमझोनच्या ओळीतला सोर्स कॉलम बघा. नेहमीच्या टर्मिनलवर तिथे 'क्लायंट' येईल, इथे 'कॉन्फिगरेशन फाइल'. गुन्हेगार सापडला. कॉन्फ फाइलमध्ये टाइमझोन एशिया/कोलकाता करा, रीलोड करा. यासाठी रीस्टार्ट लागत नाही.

जुन्या नोंदींना साडेपाच तास जोडायची घाई मात्र अजिबात करू नका. कॉलम टाइमझोनसहित टाइमस्टॅम्पचा असेल तर आतली वेळ बरोबरच आहे, चुकत होतं ते फक्त दाखवणं. टाइमझोन नसलेला असेल तर चुकीची वेळ खरोखर साठली आहे. तेव्हा आधी बॅकअप घ्या आणि फक्त त्या प्रोग्रामनं लिहिलेल्या ओळी सुधारा. शेतकऱ्याचा हिशोब आहे तो.

आता जे व्हेरिएबल खरंच सर्व्हरला लागतं त्याचं. उदाहरणार्थ आर्काइव्ह कमांडमधल्या (सर्व्हर आपल्या लॉग फाइली जपून ठेवायला जी चालवतो ती) बॅकअप स्क्रिप्टला लागणारा पाथ. ती स्क्रिप्ट सर्व्हरच्या पोटातून चालते, म्हणून त्याचंच एन्व्हायर्नमेंट घेते. उबंटू-डेबियनवर यासाठी ईटीसीमधल्या पोस्टग्रेएसक्यूएल फोल्डरात, 16 आणि मग मेनच्या आत, एन्व्हायर्नमेंट नावाची फाइल असते. नाव, बरोबरचं चिन्ह, आणि एकेरी अवतरणात किंमत. ही शेल स्क्रिप्ट नाही: एक्स्पोर्ट लिहायचं नाही, आणि डॉलरचं चिन्ह टाकून दुसरं व्हेरिएबल उलगडेल ही आशाही ठेवायची नाही.

सिस्टिमडीचा कुठलाही ओव्हरराइड (मूळ फाइल न बदलता वरून दिलेली सेटिंग) करायचा असेल तर नुसत्या पोस्टग्रेएसक्यूएल सर्व्हिसवर करू नका. ती नावापुरती छत्री आहे. खरा सर्व्हर 'पोस्टग्रेएसक्यूएल ॲट 16-मेन' या युनिटमध्ये (सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्ये) चालतो. रेड हॅट घराण्यात डेटा फोल्डरचा पत्ता युनिटमध्येच पीजीडेटा म्हणून असतो. तो 'सिस्टिमसीटीएल एडिट'नंच बदला, नाहीतर पुढचं अपडेट तुमची ओळ पुसून टाकेल. पासवर्ड युनिटमध्ये कधीच नको, तो मशीनवरच्या कुठल्याही युजरला दिसू शकतो.

एन्व्हायर्नमेंट बदललं की रीलोड पुरत नाही, पूर्ण रीस्टार्ट लागतो. सीझनमध्ये तो काटा बंद असतानाच करा. नंतर बदल लागला का ते बघायला डेटा फोल्डरातल्या पोस्टमास्टर डॉट पीआयडी फाइलच्या पहिल्या ओळीतला नंबर घ्या आणि प्रॉक फोल्डरात त्या नंबरखालची एन्व्हायरन फाइल रूट होऊन वाचा. नंबर त्या मुख्य प्रोसेसचाच घ्या. तिची पोरं, म्हणजे तिनं सुरू केलेल्या प्रोसेस, आपलं नाव लिहायला तीच जागा वापरतात, तिथे वाचलं तर व्हेरिएबल असूनही दिसणार नाही.