नागपूरहून ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी: रेडिएटर आणि थर्मोस्टॅट

दरवर्षी डिसेंबरात मी तीन आठवडे नागपूरला, प्रतापनगरातल्या घरी येतो आणि जानेवारीच्या प्रवेशासाठी ब्रिटनला निघालेली ओळखीची मुले-मुली त्या दिवसांत भेटून जातात. स्वेटर किती घ्यावेत, तिखट-मसाला किती न्यावा, हे सगळे विचारतात. पण तिथले घर उबदार कसे ठेवायचे हे कोणी विचारत नाही, आणि पहिल्या हिवाळ्यात पैसा व प्रकृती या दोन्हींचे नुकसान नेमके तिथेच होते. मी सतरा वर्षे लीड्समध्ये राहतो आहे. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

तिथल्या बहुतेक घरांत गॅसचा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतील रेडिएटरमध्ये, म्हणजे भिंतीला लावलेल्या धातूच्या पोकळ पट्ट्यांमध्ये, फिरवतो आणि गार झालेले पाणी पुन्हा बॉयलरकडे येते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट हवेचे तापमान पाहून बॉयलरला चालू-बंद करतो, तर रेडिएटरच्या एका टोकाला असलेला आकड्यांचा गोल व्हॉल्व्ह फक्त त्या खोलीपुरते पाहतो. म्हणून थर्मोस्टॅटने बॉयलर बंद केलेला असताना व्हॉल्व्ह कितीही उघडला तरी रेडिएटर गार तो गारच राहतो.

व्हॉल्व्हवरचे १ ते ५ हे आकडे पाहिले की आपला हात पंख्याच्या रेग्युलेटरच्या सवयीने चालतो आणि थंडी वाजताच सरळ ५ गाठतो. तुलना करायचीच तर ती गीझरशी करावी, कारण पाणी ठरलेल्या तापमानाला पोचले की गीझर आपोआप थांबतो. व्हॉल्व्हच्या डोक्यात मेण किंवा द्रव भरलेली लहानशी कुपी असते. खोलीतली हवा तापली की ते प्रसरण पावते, खालची पिन दाबली जाते आणि गरम पाण्याची वाट बंद होते; हवा गार झाली की पिन पुन्हा वर येते. साधारणपणे ३ म्हणजे सुमारे २० अंश, आणि एकेका आकड्यामागे तीन-चार अंशांचा फरक. बर्फकणाचे चिन्ह सुमारे ६-७ अंशांचे असते, ते नळ्यांतले पाणी गोठू नये यासाठी. गारठलेल्या खोलीत ३ वरचा व्हॉल्व्हदेखील जवळजवळ पूर्ण उघडाच असतो. त्यामुळे ५ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, ती फक्त वेळेवर थांबत नाही.

दुसरी सवय कूलरची. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो. पहिल्या हिवाळ्यात मी याच सवयीने रेडिएटरच्या वरची खिडकी रात्रभर बोटभर उघडी ठेवत होतो. बाहेरची गार हवा थेट व्हॉल्व्हवर उतरत होती, त्यामुळे खोली अजून थंडच आहे असे समजून तो बंदच होत नव्हता, आणि महिन्याच्या शेवटी आलेल्या बिलात माझ्या शिष्यवृत्तीचा मोठा भाग गेला. हवा खेळती हवीच. त्यासाठी स्वयंपाक किंवा अंघोळ झाल्यावर व्हॉल्व्ह खाली आणून खिडकी पाच-दहा मिनिटे सताड उघडावी आणि मग घट्ट लावावी. ओले कपडे रेडिएटरवर टाकू नयेत, कारण ती वाफ थंड भिंतीवर जाऊन बसते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. व्हॉल्व्हवर पडदाही येऊ देऊ नये. पडद्याआड साठलेली ऊब मोजून तो खोली गार असतानाच बंद होतो.

थर्मोस्टॅट १८ ते २१ अंशांच्या दरम्यान ठेवावा. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश सुचवते. बाळ किंवा वयस्कर माणूस असेल तर त्याहून थोडे वरच ठेवावे आणि तिथे काटकसर करू नये. ज्या खोलीत थर्मोस्टॅट आहे, त्या खोलीतला व्हॉल्व्ह मात्र पूर्ण उघडा असावा. तो २ वर ठेवला आणि थर्मोस्टॅट २१ वर असला, तर खोली कधी २१ ला पोचतच नाही आणि बॉयलर विनाकारण चालत राहतो. भागीदारीत घेतलेल्या घरांत हे नेहमी घडते. रेडिएटरच्या दुसऱ्या टोकाला टोपणाखालचा व्हॉल्व्ह असतो. सगळ्या खोल्यांना पाणी सारखे मिळावे म्हणून तो एकदा बसवून दिलेला असतो, त्याला हात लावू नये.

रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागला तर आत हवा अडकली आहे असे समजावे. बॉयलर बंद करून सगळे निवू द्यावे, वरच्या कोपऱ्यातल्या चौकोनी खिळीत लहान चावी घालून खाली जुने फडके धरावे आणि चावी अर्धा फेरा डावीकडे वळवावी. फुस्स आवाज येतो, मग काळपट पाण्याचे थेंब येतात. पाणी सलग येऊ लागले की लगेच चावी बंद करावी. त्यानंतर बॉयलरवरचा दाब थंड असताना १ ते १.५ बारच्या दरम्यान आहे का हे पाहावे. तो कमी असेल तर भाडेकरूने घरमालकाला कळवावे. बॉयलरचे झाकण स्वतः उघडू नये. गॅसचे काम फक्त ‘गॅस सेफ’ या तिथल्या अधिकृत नोंदवहीत नाव असलेल्या माणसानेच करायचे, असा तिथला कायदा आहे.

उन्हाळ्यात सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवावेत, नाहीतर चार-पाच महिने दाबलेली पिन तिथेच चिकटून बसते. ऑक्टोबरात एखादाच रेडिएटर गार राहिला, तर व्हॉल्व्हचे डोके हाताने सोडवून काढावे आणि पिन सपाट वस्तूने हळूच दाबून सोडावी. ती उसळून वर येऊ लागली की नळीत पाणी वाहिल्याचा आवाज येतो. ती वर ओढायला पकड मात्र लावू नये. पिन निघून आली तर खोलीभर पाणी होते.