घरी कारला पॉलिशर लावताय? या चुका टाळा

संध्याकाळी पॉलिश करून पुसलं तेव्हा बॉनेट आरशासारखं दिसत होतं. सकाळी गाडी उन्हात काढली तर त्याच बॉनेटवर धुरकट, तिरप्या रेघा, आणि नजर हलेल तशा त्याही हलतात. असं झालं की दोष मशीनला नाहीतर कंपाउंडला, म्हणजे चरे घासायच्या खरखरीत पेस्टला, दिला जातो. पण मशीन सुरू होण्याआधीच बरंच काही बिघडलेलं असतं.

पॉलिशर चरे बुजवत नाही. तो चऱ्याच्या आजूबाजूचा थर घासून चऱ्याच्या तळाशी आणतो, म्हणून चरा दिसेनासा होतो. ज्या थरावर हे चालतं तो क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड असतो, म्हणजे आपण केसाहून पातळ थर घासत असतो. खालच्या रंगाला उन्हापासून सांभाळणारा थरही हाच, आणि गेलेला पुन्हा वाढत नाही.

ग्राइंडरला पॅड लावणं

घरात अँगल ग्राइंडर आहेच, त्यालाच फोमचा पॅड बसवू, हा विचार अनेकांच्या मनात येतो. छोटे ग्राइंडर मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारतात. पॉलिशिंगच्या रोटरी मशीनचा वेग साधारण 600 ते 3000 च्या आत असतो. ग्राइंडरने रंग जळायला काही सेकंद पुरतात, पॅड उडून तोंडावर आला तर ते वेगळंच.

घरच्या कामाला ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए पॉलिशर घ्यावा. रोटरीचा पॅड एकाच अक्षावर फिरतो, जोर एकाच दिशेने लागतो आणि उष्णता पटकन वाढते. डीएचा पॅड स्वतःभोवती फिरता फिरता हेलकावतो, आणि जास्त दाबलं की फिरायचा थांबतो. हे थांबणं नवशिक्याला वैताग आणतं, पण तेच त्याचा रंग वाचवतं. वर सांगितलेल्या हलत्या रेघा बहुधा रोटरीच्याच असतात, त्यांना होलोग्राम म्हणतात.

घाण ठेवून घासणं

गाडी धुतली म्हणजे पत्रा स्वच्छ झाला असं नाही. पातळ प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून धुतलेल्या बॉनेटवरून फिरवा, खरखर जाणवली तर क्ले बार, म्हणजे चिकटलेली घाण ओढून काढणारा मातीसारखा मऊ गोळा, लावायचाच. क्ले खाली पडला तर हळहळ न करता फेकून द्या. त्यात रुतलेला एक खडा संपूर्ण दारावर नक्षी काढतो.

सगळ्यात कडक पॅडने सुरुवात

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती ही चूक. चरे दिसले की हात आपोआप कटिंग पॅड आणि जाड कंपाउंडकडे जातो. उलट करा. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशने सुरुवात करा आणि तेही सगळ्या गाडीवर नाही, एकाच ठिकाणी. बॉनेटवर मास्किंग टेपने हात-दीड हाताचा चौकोन आखा, तिथे करून बघा, पुसा, टॉर्चच्या उजेडात तपासा. समाधान झालं तर तीच जोडी सगळीकडे. नाही झालं तर आधी तेच पॉलिश थोड्या कडक पॅडवर, आणि तरीही नाही तर मग कंपाउंड. एका गाडीचा क्लिअर कोट दगडासारखा कडक निघतो, दुसरीचा लोण्यासारखा मऊ, त्यामुळे शेजाऱ्याच्या गाडीवर चाललेली जोडी तुमच्या गाडीवर चालेलच असं नाही. पॅडच्या रंगावरही भिस्त ठेवू नका. एका कंपनीचा नारिंगी पॅड कटिंगचा असेल, तर दुसरीचा तोच रंग मऊ पॅडला असेल.

तपासताना आणखी एक फसगत होते. बऱ्याच पॉलिशमध्ये तेलं असतात, ती बारीक चऱ्यांत बसतात आणि चरे गेल्यासारखे वाटतात. पाणी घातलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने चौकोन पुसला की खरं चित्र दिसतं.

आणि नख अडकणाऱ्या चऱ्याचा नाद सोडा. तो पूर्ण काढायला जाल तर क्लिअर कोट संपेल. त्याच्या कडा मऊ झाल्या, लांबून दिसेनासा झाला, एवढं पुरे.

दाब आणि घाई

बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्यावर चिकटतो त्या चकतीच्या, कडेला मार्करने एक जाड रेघ मारा. काम चालू असताना ती फिरताना दिसली पाहिजे. दिसत नसेल तर पॅड नुसता थरथरतोय, चऱ्यांवर काही होत नाहीये. अशा वेळी लोक आणखी दाबतात आणि उरलंसुरलं फिरणंही थांबतं. दाब कमी करा, पॅड पत्र्याला सपाट टेकलाय का बघा. वळणदार भागावर तो कलतो आणि अडतो, तिथे लहान पॅड बरा.

हात मात्र सावकाश चालवायचा, सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर. लादी पुसल्यासारखे सपासप हात मारले तर पॉलिशला काम करायला वेळच मिळत नाही. एका वेळी 50 बाय 50 सेंटीमीटरचाच भाग घ्या, आधी आडवे मग उभे हात, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. मशीन पत्र्यावर टेकवूनच सुरू करायचं आणि पूर्ण थांबल्यावरच उचलायचं. नाहीतर पॉलिशचे शिंतोडे भिंतीवर, काचेवर आणि तुमच्या चष्म्यावर. वायर खांद्यावरून मागे सोडा.

कडा आणि बंपर

दाराच्या कडा, बॉनेटवरच्या उठावदार रेषा, हँडलभोवतीचा भाग इथे रंग मुळातच पातळ असतो आणि पॅडचा सगळा जोर एका रेषेवर येतो. तिथे टेप लावा. माझा स्वतःचा धडा मागच्या बंपरवरचा आहे. ‘एवढा एक डाग’ म्हणत एकाच जागी मशीन धरून बसलो आणि रंग सुरकुतला. प्लास्टिक पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, ती तिथेच साठते. मधूनमधून हात लावून बघा, कोमट चालेल, चटका बसत असेल तर थांबा. काळ्या खरखरीत प्लास्टिक पट्ट्यांनाही टेप हवाच, त्यांत वाळलेलं पांढरं पॉलिश काढता काढता जीव जातो. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिशर लावायचाच नाही, घासलेल्या जागी कायमची चकाकी येते.

बिघडलंच तर

पांढुरका धूसरपणा उरला असेल तर तो बहुतेक कटिंग पॅडच्या बारीक खुणांचा असतो. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशचा एक हात दिला की जातो. होलोग्रामवरही हाच उपाय, मात्र डीएने.

खूप धूळ उडते, पॉलिश वाळून चिकटतं? पत्रा गरम आहे, पॉलिश जास्त झालंय किंवा पॅड भरलाय. सावलीत, गार पत्र्यावर काम करा. पाच इंची पॅडला वाटाण्याएवढे चार-पाच थेंब पुरतात. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा, आणि एकाच पॅडवर सगळी गाडी उरकू नका. तापलेला, ओला पॅड मधोमध फुगतो आणि त्याचं वेल्क्रो सुटतं.

पॅडवर गाडीचा रंग आला तर लगेच थांबा. जुन्या सिंगल स्टेज रंगावर, म्हणजे वर क्लिअर कोट नसलेल्या रंगावर, असं होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण क्लिअर कोट असलेल्या गाडीवर याचा अर्थ तो तिथे संपला. तिथे पॉलिशने काहीही होणार नाही, तो भाग पुन्हा रंगवावाच लागतो.