पहिल्या हंगामाला निघालेल्या फायर वॉचरसाठी

१५ फेब्रुवारी ते १५ जून असा आपल्याकडे जंगलातल्या आगीचा हंगाम, आणि तेवढ्यापुरते आगीवर नजर ठेवायला नेमलेले तुम्ही फायर वॉचर. जाळरेषा, म्हणजे आग अडावी म्हणून आधीच मोकळा केलेला पट्टा, कशी असते, वाऱ्याच्या झोताने पाला उडवणारा ब्लोअर कसा चालवायचा, बीटगार्डला, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाला, कळवायचं कसं, हे तुम्हाला प्रशिक्षणात सांगतीलच. मी सांगतोय ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

चंद्रपूरकडचं जंगल, माझं पहिलं वर्ष, मार्चचा शेवट. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून कुणीतरी झाडाखालचा पाला पेटवला आणि आग पसरली. आपल्याकडची आग बहुतेक जमिनीवरचीच, पाल्यातून सरकणारी. आम्ही पाच जणांनी ब्लोअरने पाला मागे सारला, हिरव्या फांद्यांनी झोडपलं, अंधार पडायच्या आत विझवली. ऐनाचा एक ओंडका तेवढा धुपत होता. मी त्यावर चार घमेली माती टाकली आणि घरी येऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ओंडका आतून जळून मधोमध तुटला. वरचा तुकडा उतारावरून गडगडत जाळरेषा ओलांडून पलीकडच्या कोरड्या पाल्यात गेला. दोन दिवस लागले आम्हाला.

आमच्यासोबत एक म्हातारे वनमजूर होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "तुझी आजी रात्री निखारा राखेत दाबून ठेवते, तो विझवायला का?"

तेव्हा डोक्यात शिरलं. मातीने ज्वाळा दबते, निखारा जपला जातो. म्हणून ओंडका आधी उलटा करा. खालची बाजूच लाल असते. कुऱ्हाडीने जळका भाग तासून काढा, जळून काळ्या झालेल्या जमिनीवरच पसरा. उतारावर ओंडका उभा ठेवू नका, आडवा लावा आणि खाली दगड टेकवा. हाताची पाठ जवळ नेऊन बघा, तळहात नको. पोळला तर फांदी धरता येणार नाही. बुंध्याचं तर विचारूच नका, मुळांतून आग हातभर पुढे जाऊन वर येते. अंधार पडला की बॅटरी बंद करून एक फेरी मारा. दिवसा न दिसणारं लाल तेव्हा दिसतं. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा सुटायच्या वेळी, तिथेच जाऊन बसा. कंटाळा येतो. तरी बसा.

पोकळ वाळलेलं झाड उभं पेटलं असेल तर त्याच्याखाली कुणीही जायचं नाही. चिमणीसारखं ठिणग्या उडवतं आणि न सांगता पडतं.

समोरून आग लावून आग अडवण्याचे व्हिडिओ बघून कुणी शहाणपणा करू नये. वारा फिरला की दोन आगींच्या मध्ये तुम्हीच असता. अनुभवी माणूस सोबत नसेल तर काडीपेटी खिशातच राहू द्या. अर्धा दिवस खुर्चीत बसून प्रशिक्षण घेण्यापेक्षा एखाद्या मामांच्या मागे आठवडाभर चाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

मोबाईलवर उपग्रहाचा अलर्ट येतो, चांगली सोय आहे. पण ज्या उपग्रहांवरून तो येतो ते डोक्यावरून ठरावीक वेळीच जातात, आणि त्यांचा एक ठिपका पावणेचारशे मीटरचा. धूर आधी तुम्हालाच दिसणार.

खरं काम त्याहून आधीचं आहे. कोणता मोह कुणाच्या घरचा वेचायचा, हे आपल्याला गावातलेच म्हणून ठाऊक असतं. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातलं, राखीव जंगलात आग लावायला बंदी करणारं कलम २६ घेऊन दारात उभं राहिलात तर पुढच्या वर्षी कुणी खबर देणार नाही. मी आता फुलं गळायच्या आधीच जातो आणि म्हणतो, "काकू, पेटवू नका, मीच ब्लोअर मारून देतो." दहा मिनिटांचं काम. झाडाखालची जागा स्वच्छ, काडी लागतच नाही. सगळे ऐकतात असं नाही.

मजुरी उशिरा मिळते, ऊन जीव घेतं, पहिल्या आगीला पाय लटपटतात. लटपटू द्या, माझे अजूनही लटपटतात.

आणि प्लास्टिकची चप्पल घालून येऊ नका. मी आलो होतो.