कॅनडातल्या शेतकरी पूर्वजांचा माग काढताय? या चुका टाळा

ऑन्टारियोत स्थिरावलेल्या मराठी घरांत आता तिकडच्या सुना आणि जावई आहेत. नातवंडांचा वंशवृक्ष काढायला बसलं की अर्धं झाड कोकणात जातं आणि उरलेलं अर्धं कुठल्याशा टाउनशिपमधल्या (म्हणजे तिकडच्या छोट्या ग्रामीण विभागातल्या) शंभर एकरांच्या शेतावर. काहींना वंशाशी देणंघेणं नसतं, ब्रॅम्प्टनमधलं आपलं घर पूर्वी कुणाच्या वावरात होतं एवढंच जाणून घ्यायचं असतं. अडतात मात्र सगळे एकाच जागी, कारण सगळे नाव शोधत बसतात.

एकाच टाउनशिपमध्ये एकाच नावाचे बाप, मुलगा आणि पुतण्या सहज सापडतात. आडनावातला ‘मॅक’ दर दहा वर्षांनी वेगळ्या स्पेलिंगने लिहिलेला असतो. त्यात ते किचकट हस्ताक्षर वाचून आजच्या काळात कुणीतरी सूची टाइप केलेली, तिच्यात आणखी चुका. जमिनीचा नंबर मात्र सहसा बदलत नाही. गट नंबर माहीत नसताना आपण सातबारा मागायला जात नाही. तिकडचा गट नंबर म्हणजे लॉट आणि कन्सेशन. कन्सेशन म्हणजे दोन समांतर रस्त्यांमधला जमिनीचा लांब पट्टा, आणि लॉट म्हणजे त्या पट्ट्यातला नंबर घातलेला तुकडा. आधी तो मिळवा, नावं आपोआप जुळू लागतात.

उदाहरणासाठी मी पील काउंटी घेतो (काउंटी म्हणजे अनेक टाउनशिपांचा जिल्हा), म्हणजे आजचे मिसिसागा, ब्रॅम्प्टन आणि कॅलेडन.

गावच चुकीचं धरणं

कागदावर ‘टोरांटो टाउनशिप’ दिसलं की लोक टोरांटो शहराच्या दप्तरात शिरतात. ही टाउनशिप म्हणजे आजचं मिसिसागा. १९६८ मध्ये तिचं नाव बदललं. चिंग्वाकूझी टाउनशिप तर १९७४ पासून नकाशावर नाहीच. तिचा दक्षिणेकडचा भाग ब्रॅम्प्टनमध्ये गेला, उत्तरेकडचा कॅलेडनमध्ये. याहून फसवी आहे ती पील टाउनशिप. ती पील काउंटीत नव्हतीच, वेलिंग्टन काउंटीत होती. शिवाय १८४० च्या दशकातले पीलचे कागद ‘होम डिस्ट्रिक्ट’ या तेव्हाच्या प्रशासकीय विभागाच्या नावाखाली आणि त्यानंतरचे बरेच यॉर्क काउंटीखाली आहेत. पीलचा काउंटी कारभार स्वतंत्र झाला तो १८६७ मध्ये. कागद सापडत नसेल तर तो जळाला असं मानण्याआधी त्या साली ते गाव कुणाच्या हद्दीत होतं ते पाहा.

अर्धवट पत्ता

‘लॉट ८, कन्सेशन ३, चिंग्वाकूझी’ एवढंच टिपून आणणारे फार. या पत्त्यावर चार शेतं निघतात! चिंग्वाकूझीत कन्सेशन ह्युरॉन्टारियो स्ट्रीटपासून दोन्ही बाजूंना मोजलेली आहेत, त्यामुळे एक तिसरं कन्सेशन रस्त्याच्या पश्चिमेला आणि एक पूर्वेला. दोन्हींत सहा-सात किलोमीटरांचं अंतर. शिवाय प्रत्येक लॉट २०० एकरांचा आणि बहुतेक वेळा १०० एकरांच्या दोन अर्ध्यांत दिलेला. म्हणून ‘पश्चिम की पूर्व’ आणि ‘कुठला अर्धा’ या दोन गोष्टी टिपल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हा पत्ता आजच्या नकाशावर बसवणं अवघड नाही. स्टील्स अव्हेन्यू ते क्वीन स्ट्रीट पाच लॉट, क्वीन स्ट्रीट ते बोवेर्ड ड्राइव्ह पुढचे पाच. म्हणजे आठवा लॉट क्वीन आणि बोवेर्डच्या मधे. पश्चिमेचं तिसरं कन्सेशन चिंग्वाकूझी रोड आणि क्रेडिटव्ह्यू रोडच्या मधे येतं. तिथे राहणारे मराठी लोक रोज ज्या रस्त्यांवरून गाडी हाकतात, ते म्हणजे १८१९ च्या मोजणीतल्या शेतांच्या हद्दी.

या मोजणीच्या सालाचा आणखी एक उपयोग आहे. चिंग्वाकूझीची जमीन १८१८ च्या अजेटन्स करारापर्यंत क्रेडिट नदीकाठच्या मिसिसागा या मूळनिवासी लोकांची होती. त्यामुळे ‘आमचे पणजोबा १८०५ पासून इथेच शेती करत होते’ अशी घरातली कथा असली, तर एक तर साल चुकलंय किंवा गाव.

पेटंटची तारीख म्हणजे आगमनाची तारीख नव्हे

सरकारकडून जमीन पहिल्यांदा नावावर होते तो कागद म्हणजे क्राउन पेटंट. त्यावरची तारीख पाहून लोक लिहून टाकतात, ‘कुटुंब या साली आलं.’ पण पेटंट शेवटी मिळायचं. आधी १०० एकरांमागे ५ एकर रान तोडून कुंपण घालायचं, १६ बाय २० फुटांचं घर उभं करायचं, समोरचा रस्ता साफ करायचा, मग फी भरायची. यात वर्षं जायची. म्हणून पेटंटच्या मागे जा. अप्पर कॅनडाचे (हे ऑन्टारियोचं जुनं नाव) जमिनीसाठीचे अर्ज आणि ऑन्टारियो अर्काइव्ह्जमधले ‘टाउनशिप पेपर्स’ पाहा. हे पेपर्स लॉट-कन्सेशननुसारच लावलेले आहेत.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पेटंट नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता असं नाही. जमिनीचा सातवा हिस्सा सरकारसाठी आणि सातवा चर्चसाठी राखलेला असे, आणि त्यावर कुळं असत. १८२६ नंतर सरकारी राखीव जमिनी कॅनडा कंपनी या जमीन विकणाऱ्या खाजगी कंपनीकडे गेल्या. तिथे पेटंट कंपनीच्या नावावर, आणि नांगर धरणारा भलताच. कुळांसाठी टाउनशिपच्या करआकारणीच्या याद्या पाहाव्यात. मालक कोण आणि कसणारा कोण, हे तिथे कळतं.

खरेदीच्या सूचीवरच थांबणं

प्रत्येक लॉटच्या व्यवहारांची जुनी वही ऑन्टारियोच्या ‘ऑनलँड’ संकेतस्थळावर पाहता येते. तिच्यात प्रत्येक व्यवहाराच्या दोन तारखा असतात, कागद केल्याची आणि तो नोंदवल्याची. दोन्हींत कधी कधी कित्येक वर्षांचं अंतर असतं. नोंदणीची तारीख धरली तर मेलेला माणूस जमीन विकताना दिसतो.

वही म्हणजे फक्त सूची. मूळ दस्त काढून वाचा. सूचीत विक्रेत्याच्या नावापुढे नुसतं ‘एट अक्स’ म्हणजे ‘आणि पत्नी’ असतं, तर दस्तात तिचं नाव असतं, कारण नवऱ्याच्या जमिनीवरचा तिचा हक्क सोडल्याची सही लागायची. बायकांची नावं शोधायला याच्याइतकी चांगली जागा क्वचित मिळते. किंमत नाममात्र असेल तर व्यवहार बहुधा घरातला, बापाकडून मुलाला. मधली कडी सापडली नाही तर मृत्युपत्र पाहा. शेत थोरल्याला, धाकट्याला रोख आणि विधवेला घरातली एक खोली, सरपण आणि एका गाईचा चारा, अशा तपशिलांनी ती भरलेली असतात. लग्न झालेल्या मुलींची नवी आडनावंही तिथेच मिळतात.

जनगणनेचं अर्धंच पान वाचणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागडी चूक. माणसांची यादी मिळाली की लोक खूश होऊन निघून जातात. पण १८५१, १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेत शेतीचे वेगळे तक्ते आहेत, आणि ते बहुधा माणसांच्या पानांपासून दूर असतात. नावाच्या शोधात ते वर येतीलच असं नाही. पानं उलटत जावं लागतं. त्यांत लॉट आणि कन्सेशन तर मिळतंच, पण खरा ऐवज पुढे आहे. किती एकर लागवडीखाली आणि किती अजून जंगल, गहू किती बुशेल, बटाटे किती, गाई-मेंढ्या किती, लोकर आणि घरी विणलेलं कापड किती, मेपलची साखर किती, लोणी किती पौंड. लोण्याचा आकडा पाहून पुढे जाऊ नका. ते बहुतेक घरातल्या बाईचं काम असे, आणि माणसांच्या यादीत तिच्या व्यवसायाचा रकाना बहुधा कोराच असतो. शेजारच्या शेतांचे आकडेही सोबत उतरवून घ्या. आपला माणूस सधन होता की ओढग्रस्तीत, ते तुलनेशिवाय कळत नाही.

१८७१ साठी माणसांच्या तक्त्यातला पान नंबर आणि ओळीचा नंबर टिपून ठेवा, शेतीचा तक्ता त्याच्यावरून जुळवायचा. १८८१ आणि १८९१ चे शेतीचे तक्ते उरलेले नाहीत, तेव्हा ते शोधण्यात दिवस घालवू नका. १८५१ चीही अनेक ठिकाणची पानं हरवली आहेत.

वयांचा घोळ इथेच होतो. १८५१ ची म्हणवली जाणारी जनगणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली, आणि वय विचारलं ते पुढच्या वाढदिवसाचं. तिच्यात ३० लिहिलं असेल तर जन्म साधारण १८२२ चा, १८२१ चा नव्हे. १८६१ लाही वय तसंच विचारलं होतं.

१८७७ च्या पील काउंटी अ‍ॅटलासचं थोडक्यात सांगतो. शेतांवर नावं छापलेले त्यातले नकाशे सुंदर आहेत, पण अशा अ‍ॅटलासांत कुळं सहसा वगळलेली असतात. नाव दिसलं नाही म्हणून निष्कर्ष काढू नका.

जन्मदाखला मिळत नाही म्हणून हताश होणं

ऑन्टारियोत जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १ जुलै १८६९ पासून सुरू झाली. त्याआधीचा दाखला अस्तित्वातच नाही. काउंटीच्या विवाहनोंदी १८५८ पासूनच्या मिळतात. त्यामागे चर्चची पुस्तकं. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे पाद्री घोड्यावरून गावोगाव फिरत, म्हणून चार भावंडांचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला दिसला तर ती जुळी-तिळी समजू नका. मेथडिस्ट १९२५ मध्ये युनायटेड चर्चमध्ये विलीन झाले, तेव्हा त्यांची पुस्तकं त्या चर्चच्या अर्काइव्ह्जमध्ये विचारा.

कुटुंब ‘गायब’ होतं तेव्हा

१८७१ च्या जनगणनेत आहेत, १८८१ च्या जनगणनेत नाहीत. धाकट्या मुलांना जमीन पुरत नव्हती, म्हणून अनेकजण ब्रूस, ग्रे काउंटीकडे, मिशिगनला किंवा मॅनिटोबाला गेले. १८७२ च्या कायद्याने पश्चिमेकडे १० डॉलर फी भरून १६० एकर मिळत होते. तिकडे शोधताना एक खबरदारी घ्या. प्रेअरीतली, म्हणजे पश्चिमेच्या गवताळ मैदानी प्रदेशातली टाउनशिप म्हणजे नावाचं गाव नव्हे, ६ मैल बाय ६ मैलांचा नंबर घातलेला चौकोन, त्यात ३६ सेक्शन. पत्ता पूर्ण होतो तो सेक्शनचा कुठला पाव भाग, सेक्शन, टाउनशिप, रेंज (टाउनशिपांची उभी रांग) आणि मेरिडियन (ती रांग जिथून मोजली ती उत्तर-दक्षिण रेषा) हे पाचही मिळाल्यावर. एखादा राहिला तर दुसऱ्याच कुणाचं शेत हाती येतं. आणि ऑन्टारियोतलं शेत कुणी, कधी विकत घेतलं ते पाहायला विसरू नका. विकणारा गाव सोडून गेला असेल तर दस्तात बहुधा त्याचा नवा पत्ता लिहिलेला असतो.