टॅब सगळ्यात शेवटी काढा: प्राथमिक वर्गात ब्लेंडेड लर्निंग करताना या चुका टाळा

जूनमध्ये शाळा उघडली की पंधरा दिवसांत कुणीतरी नवीन बाई किंवा सर विचारतातच, "आमच्याकडे टॅब आलेत, कुठलं अॅप टाकू?" अॅपचा प्रश्न सगळ्यात शेवटचा, हे त्यांना ऐकायचं नसतं. उत्तर ऐकून हिरमुसतात आणि दुसऱ्या कुणाला तरी विचारतात.

आधी एक गैरसमज. २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर फोनवर जे केलं ते ब्लेंडेड लर्निंग नव्हतं, तो नाइलाज होता. आणि वर्गात टीव्हीवर कविता लावून आपण वह्या तपासत बसणं, हा नुसता टीव्ही. शिकण्याचा काही भाग मूल यंत्रावर आपल्या गतीनं करतं, तिथे कुठे अडलं ते बाईंना कळतं आणि त्यावरून बाईंचा पुढचा तास बदलतो, याला मी ब्लेंडेड म्हणते. तास बदलला नाही तर टॅब असून नसल्यासारखे.

पहिल्याच दिवशी टॅब वाटणं

ही चूक मी स्वतः केली आहे, त्यामुळे हक्कानं बोलते. पुण्यात धायरीतली शाळा, दुसरीचा वर्ग, ४१ मुलं, ८ टॅब. कागदावर आराखडा झकास होता. चार गट: एक माझ्याजवळ, एक टॅबवर, एक मणी आणि काड्यांवर, एक स्वाध्यायावर. दर दहा मिनिटांनी घंटी, की गट पुढे सरकणार. चाळीस मिनिटांत सगळे सगळीकडे.

पहिली घंटी वाजली आणि टॅबचा गट जागचा हललाच नाही. मण्यांचा गट उठला तो मणी सांडूनच. गट दहाचा आणि टॅब आठ, हा हिशोब मी गणिताच्या तासाला केला नव्हता, त्यामुळे दोन मुलं रडत होती. एकाने सेटिंगमध्ये जाऊन टॅबची भाषा बदलली होती, ती मला वाचताही येईना. स्वाध्यायवाले नळावर. शेजारच्या वर्गातल्या बाई दारापर्यंत आल्या, बघितलं आणि काही न बोलता परत गेल्या. त्या बोलल्या असत्या तर इतकं लागलं नसतं.

आता मी पहिले दोन आठवडे टॅब कपाटातून काढतच नाही. टॅबच्या कोपऱ्यात गोष्टीची पुस्तकं ठेवते आणि मुलांना फक्त जागा बदलायला शिकवते. तीन टाळ्या म्हणजे हातातलं खाली, पाच टाळ्या म्हणजे उठायचं. वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय गट हलत नाही. चार गटही नाहीत. सुरुवातीला दोनच, अर्धा वर्ग माझ्याजवळ आणि अर्धा कामावर. एका तासात एकदाच अदलाबदल, कारण दुसरीच्या मुलांना जागा बदलून स्थिरस्थावर व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. चारदा फिरवलंत तर शिकवायला उरतं काय? पहिली-दुसरीत एका टॅबवर मी दोघांना बसवते. एकमेकांना "अरे ते नाही, हे" म्हणत मुलं बरंच शिकतात.

"म्हणजे दोन आठवडे वाया?" असं विचारणारे भेटतात. सोमवारी टॅब आले की मंगळवारी फोटो हवा असतो त्यांना. मग दिवाळीपर्यंत ते टॅब कपाटात गेलेले असतात.

न बघता व्हिडिओ लावणं

बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड असतात, ते स्कॅन केले की 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक अॅपवर पाठाचं साहित्य मिळतं. दीक्षा २०१७ पासून आहे. तरी लोक यूट्यूबवर 'वजाबाकी हातच्याची' शोधतात आणि पहिला दिसेल तो व्हिडिओ लावतात. मीही लावला होता.

दुसऱ्या दिवशी ५२ वजा २७ दिलं. अकरा वह्यांत उत्तर १५. वेगवेगळं चुकले असते तर समजलं असतं, पण अकरा जणांचं एकच? एकीला जवळ बसवून विचारलं. ती म्हणाली, "बाई, पाचातला एक दिला म्हणून चार. आणि खालच्या दोनला एक दिला म्हणून तीन. चारातून तीन गेले, एक."

मी वर्गात काड्यांचा गठ्ठा सोडून शिकवलं होतं: पाच दशकांतला एक सुटा केला, वर राहिले चार. व्हिडिओतल्या सरांची रीत वेगळी होती: वर दहा एकक वाढवले म्हणून खाली एक दशक वाढवायचं. दोन्ही बरोबर, दोन्हींचं उत्तर २५. मुलांनी इमानेइतबारे दोघांचंही ऐकलं आणि एक दशक दोनदा गेलं. ते निस्तरायला आठवडा लागला.

संख्यावाचनाचंही तेच. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या 'वीस एक, वीस दोन'वरून केवढा गदारोळ झाला होता. व्हिडिओ 'एकवीस' म्हणतो की 'वीस एक', हे आधी ऐकायला नको? मी आता प्रत्येक व्हिडिओ आदल्या रात्री शेवटपर्यंत बघते, हातात पेन घेऊन. पुष्कळदा आवाज बंद करून स्वतःच बोलते. दुप्पट वेगानं बघणं म्हणजे बघणं नव्हे.

बाकीच्या चुका थोडक्यात.

"घरून बघून या" सांगण्याआधी पालकसभेत "घरी फोन आहे का?" विचारू नका, सगळे हात वर करतात. "संध्याकाळी सात वाजता तो फोन कुठे असतो?" असं विचारा. बाबांबरोबर रिक्षात असतो.

काम लवकर संपवणाऱ्याला बक्षीस म्हणून टॅब देऊ नका. ज्याला सरावाची गरज आहे त्याच्या वाट्याला तो कधीच येत नाही.

सात वर्षांच्या मुलाला आठ अक्षरी इंग्रजी पासवर्ड देणाऱ्यांना मी हात जोडते. जमेल तिथे चित्राचा पासवर्ड ठेवा, नाहीतर लॉगिन स्वतः करून द्या.

अॅपमधल्या चांदण्यांवर विश्वास ठेवू नका. चार पर्यायांवर टकाटक बोटं मारून तीन चांदण्या मिळवणारे माझ्या वर्गात दरवर्षी निघतात. टॅबशेजारी वही हवीच, उदाहरण आधी वहीत आणि मग बोट.

आणि पुण्यात गुरुवार विसरू नका. दुरुस्तीसाठी लाईट जाते ती बहुधा त्याच दिवशी. व्हिडिओ डाउनलोड करून ठेवा आणि बुधवारी शाळा सुटताना टॅब चार्ज झालेत का ते स्वतः बघा. शिपाईमामांवर सोडू नका, त्यांच्यामागे पाण्याची टाकीही असते.